नाताळची टर्की : कापायची कशी, वाढायची कशी

डिसेंबर लागला की या सदराकडे अख्ख्या भाजलेल्या पक्ष्याबद्दलची पत्रं येऊ लागतात. मसाल्याबद्दल फारसं कुणी विचारत नाही. अडचण येते ती पक्षी भट्टीतून बाहेर आल्यावर. या महिन्यातल्या निवडक प्रश्नांना इथं उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : आमच्याकडे नाताळला टर्की बेकरीच्या भट्टीतून छान भाजून येते, पण कापताना तिच्या चिंध्या होतात. कातडी एकीकडे, मांस एकीकडे आणि रस सगळा परातीत. सासरे वरून सुरी दाबत जातात आणि हाडावर अडली की जोर लावतात. पद्धतशीर कसं कापायचं? — एक वाचक, जालना

उत्तर : रस परातीत गेला याचा अर्थ पक्षी गरमागरम कापला. भट्टीतून काढल्यावर ५ किलोची टर्की ३० ते ४० मिनिटं तशीच ठेवायची. आतली उष्णता त्या वेळातही काम करत असते, तापमान आणखी ३-४ अंशांनी चढतं आणि मग हळूहळू उतरू लागतं. उतरताना मांसातला रस जरा दाट होतो आणि धाग्यांमध्ये टिकून राहतो. वरून फॉइल नुसती सैल टाका. घट्ट गुंडाळलीत तर आत वाफ कोंडते आणि कुरकुरीत कातडी ओली पडते. पक्षी गार होईल ही भीती नको, एवढा मोठा पक्षी पाऊण तासात आतून गार होत नाही. गार होतं ते ताट. डिसेंबरात संध्याकाळी स्टीलची थाळी बर्फासारखी लागते, म्हणून वाढायचं ताट आधी उकळत्या पाण्यानं धुऊन, पुसून घ्या.

सुरी २० ते २५ सेंटिमीटर लांबीची, अरुंद आणि पातळ पात्याची हवी. पिकलेल्या टोमॅटोवर ती नुसती ठेवून ओढली आणि साल कापली गेली, तर धार पुरेशी आहे. दाबावं लागलं तर आधी धार लावा. ब्रेडची दातेरी सुरी या कामाला घेऊ नका, ती मांसाचे धागे ओढून तोडते. जोडीला एक दोन दातांचा मोठा काटा आणि सांध्यांसाठी एक छोटी टोकदार सुरी. लाकडी पाटाखाली ओलं फडकं अंथरा म्हणजे पाट सरकणार नाही. पाटाला कडेनं खाच नसेल तर तो परातीत ठेवा, सांडलेला रस वाया जात नाही.

आता क्रम. पक्षी छाती वर करून ठेवा, तंगड्या तुमच्याकडे. बांधलेला दोरा कापून काढा. पहिली तंगडी. मांडी आणि छाती यांच्यामध्ये नुसती कातडी कापा, खोल जाऊ नका. मग हातात स्वच्छ फडकं घेऊन तंगडी बाहेरच्या बाजूला आणि खाली दाबा. कट्‌ असा आवाज येतो आणि खुब्याचा सांधा उघडतो, आत पांढरा चकचकीत गोळा दिसतो. छोट्या सुरीचं टोक त्या गोळ्याच्या आणि खोबणीच्या मधून फिरवा. इथं जोर लागतच नाही. लागला तर सुरी हाडावर आहे असं समजून जरा बाजूला घ्या. सुरी फिरवताना पाठीच्या हाडाला चिकटून जा, कारण खुब्याच्या थोडं वर, पाठीच्या खोलगट भागात, दोन्ही बाजूंना मांसाचा एकेक गोल तुकडा असतो. अख्ख्या पक्ष्यात त्याच्याइतकं लुसलुशीत मांस दुसरं नाही, आणि घाईत कापणारे तो सांगाड्यावरच सोडून देतात.

सुटलेली तंगडी कातडीची बाजू खाली करून पाटावर ठेवली की मांडी आणि नळी यांच्यामध्ये चरबीची एक फिकट रेघ दिसते. सांधा तिथंच आहे. सुरी अडली तर दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे सरकवा, आपोआप उतरते. मांडीतलं हाड दोन्ही बाजूंनी कापून काढा आणि मांसाच्या बोटभर रुंद पट्ट्या करा. नळी उभी धरून वरून खाली तासत जा. टर्कीच्या नळीत काड्यांसारख्या कडक शिरा असतात, कोंबडीत त्या इतक्या जाणवत नाहीत. त्या चिमट्यानं ओढून काढा, लहान मुलांच्या ताटात तर एकही जाऊ देऊ नका. पंखांचंही तसंच: बाहेर ओढायचा, सांधा उघडला की कापायचा.

छाती शेवटी. मधोमध बोटानं चाचपलं की उभं हाड लागतं. त्याच्या एका बाजूला, हाडाला घासून, मानेपासून शेपटीपर्यंत लांब काप द्या. मग सुरी फासळ्यांच्या उतारावरून हळूहळू खाली नेत मांस डाव्या हातानं अलगद बाजूला करत राहा. मानेजवळ चिमट्याच्या आकाराचं हाड आडवं येतं, त्याच्या कडेनं वळा. हे हाड भाजण्याआधीच काढून ठेवलं तर इथली निम्मी कटकट संपते. कच्च्या पक्ष्याच्या गळ्याकडची कातडी मागे सारली की ते लगेच सापडतं. छातीचा अर्धा भाग अखंड सुटला की तो पाटावर कातडी वर ठेवून आडवा कापायचा, ८ ते १० मिलिमीटर जाडीचे काप. छातीचे धागे लांबीला असतात. लांबीनं कापलंत तर प्रत्येक घास दातांना धागे ओढायला लावतो, आडवं कापलंत तर तेच मांस मऊ लागतं. सुरी पुढेमागे हलकी फिरवत आधी कातडी कापा, मग एका ओढीत खालपर्यंत या. म्हणजे प्रत्येक कापावर कातडीची आपली पट्टी राहते.

प्रश्न : पाहुण्यांसमोर टेबलावरच कापावं की स्वयंपाकघरात? आणि पहिलं कुणाला? आमच्याकडे तंगडी जावयाला द्यायची पद्धत आहे. तंगड्या दोन, माणसं बारा. — एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : अख्खा पक्षी सगळ्यांना दाखवा, मग आत नेऊन कापा आणि ताट सजवून बाहेर आणा. सरावलेला हात घरात नसेल तर हाच मार्ग चांगला. टेबलावर कापताना वीस मिनिटं जातात आणि तोवर बारा जणांसमोर रिकामी ताटं असतात.

टेबलावरच कापायचं असेल तर पद्धत थोडी वेगळी आहे. छाती अखंड काढायची नाही. पंखाच्या सांध्याच्या जरा वर, पाटाला समांतर, हाड लागेपर्यंत एक खोल आडवा काप द्या. आता छातीच्या वरून खाली पातळ काप घेत या. प्रत्येक काप त्या आडव्या चिरेपर्यंत आला की आपोआप सुटतो आणि काट्यावर अलगद उचलता येतो. एकच बाजू कापा. दुसरी अखंड राहू द्या, म्हणजे मागून येणाऱ्यांनाही ओलं मांस मिळतं.

तंगडीच्या मानाचा प्रश्न मोठा असतो, त्यावरून घरात रुसवेफुगवे होतात. आमचं मत स्पष्ट आहे: टर्कीची नळी अख्खी कुणालाच देऊ नका. एका नळीवर दोन-तीन जणांचं मांस असतं आणि शिरांमुळे ती हातात धरून खायला अवघडच. तंगडीचं मांस काढून ताटाच्या एका बाजूला लावा, छातीचे काप दुसऱ्या बाजूला, कातडी सगळीकडे वर. मग प्रत्येकाला विचारा, "तंगडीचं वाढू की छातीचं?" कुणी "दोन्ही" म्हणेल, कुणाला कोरडं आवडत नाही म्हणून तंगडीचंच हवं असेल. मान त्या विचारण्यात आहे. जावईबापूंना पाठीवरचा तो गोल तुकडा वाढा आणि तो कुठला ते सांगा. पक्ष्यात ते दोनच असतात, तेव्हा दुसरा घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला.

वाढायचा क्रम: आधी वडीलधारे आणि पाहुणे, मग मुलं, मग घरची मंडळी, आणि कापणारा सगळ्यात शेवटी. प्रार्थना होईपर्यंत कुणी सुरुवात करत नाही, म्हणून ताट प्रार्थनेनंतर फिरवा. मांस आधीच वाढून ठेवलं तर तेवढ्या वेळात कातडी मऊ पडते. काप बोटांनी उचलायचे नाहीत. चमचा खालून आणि काटा वरून, असे धरून वाढायचे. ग्रेव्ही कापाच्या बाजूला, वरून ओतायची नाही. सुरी बाजूला ठेवताना पातं स्वतःकडे, कुणाला द्यायची तर मुठीकडून. सुरीचं पातं चाटणं, उरलेल्या सांगाड्यातून टेबलावर बसून बोटांनी मांस कोरणं टाळा, पाहुण्यांच्या नजरेत ते लगेच भरतं. आणि आग्रह एकदाच. आपल्याकडे दोनतीनदा आग्रह केल्याशिवाय वाढल्यासारखं वाटत नाही, पण मांस जड असतं. पहिल्यांदा दोन-तीन काप वाढावेत, पुन्हा घ्यायची मुभा द्यावी, तेवढं पुरे. खाणाऱ्यानं हातानं खाल्लं तर त्यात वावगं काहीच नाही. भाकरीबरोबर खाताना तर हातानंच खायचं.

पंगतीला माळकरी पाहुणे असतील तर त्यांचं ताट, पळ्या, पाट आणि सुरी वेगळी ठेवा आणि पक्षी त्यांच्या पुढ्यातून फिरवू नका. मुस्लिम मित्रांना बोलावणार असाल तर हलाल केलेलाच पक्षी आणा आणि ते आमंत्रण देतानाच सांगा, म्हणजे त्यांना टेबलावर विचारायची वेळ येत नाही. नाताळ मार्गशीर्षात आला असेल तर बऱ्याच हिंदू घरांत गुरुवारी सामिष चालत नाही, काही घरांत महिनाभरच. वार पाहून बोलवा.

प्रश्न : बारा माणसांना किती किलोचा पक्षी लागेल? घरचा ओव्हन लहान आहे. बेकरीवाले भट्टीत ठेवू द्यायला तयार आहेत. — एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : हाडासकट कच्चं वजन माणशी अर्धा किलो धरा. बारा जणांना ६ किलो. दुसऱ्या दिवसाला उरवायचं असेल तर ७. पण ७ किलोचा एक नर घेण्यापेक्षा साडेतीन किलोच्या दोन माद्या मिळाल्या तर त्या घ्या. लवकर भाजतात, मांस कोवळं असतं आणि तंगड्या चार मिळतात.

गोठवलेला पक्षी आणलात तर तो फ्रिजच्या खालच्या कप्प्यात सोडवायचा. दर २ ते २.५ किलोला पूर्ण एक दिवस. म्हणजे ६ किलोला तीन दिवस. ओट्यावर ठेवून सोडवू नका: बाहेरचं मांस खराब व्हायला लागतं तेव्हा आत अजून बर्फ असतो. सुटला की आतबाहेर कोरडा पुसा आणि किलोला १० ग्रॅम या हिशोबानं मीठ चोळून एक दिवस फ्रिजमध्ये उघडा ठेवा. मीठ आत मुरतं, कातडी सुकते आणि भट्टीत तीच कुरकुरीत होते.

भट्टीत जागा ठरवण्याआधी तिच्या तोंडाची उंची आणि रुंदी मोजून या. ट्रे घेऊन गेल्यावर तो आत जात नाही, असं ऐन वेळी होतं. ट्रेला ५-६ सेंटिमीटरचे काठ हवेत, नाहीतर सुटलेली चरबी भट्टीत सांडून धूर होतो. पाव भाजून झाल्या झाल्या भट्टी फार तापलेली असते. तेव्हा पक्षी आत ठेवला तर कातडी करपते आणि मांडी कच्ची राहते. भट्टी १७५-१८० अंश सेल्सियसवर उतरू द्या. मग किलोला साधारण ३० मिनिटं, पोट रिकामं असेल तर. मात्र लाकडाच्या भट्टीची उष्णता पुढे उतरतच जाते, त्यामुळे घड्याळावर विसंबू नका. स्वयंपाकाचा टोचायचा थर्मामीटर आणा. मांडीच्या सगळ्यात जाड भागात, हाडाला न लागता, निदान ७४ अंश दाखवायलाच हवेत. हाडाला टेकला तर तो चुकीचा आकडा दाखवतो.

प्रश्न : दर वर्षी छाती कोरडी आणि तंगडी कच्ची. दोन्ही एकाच वेळी कसं साधायचं? — एक वाचक, लातूर

उत्तर : दोन्ही मांसांचा स्वभावच वेगळा. छाती ७४ अंशांच्या पुढे गेली की भराभर रस सोडते. मांडी चालण्याचं काम करते, तिच्यातले चिवट पडदे विरघळायला ८० च्या आसपास जावं लागतं. म्हणून तंगड्या भट्टीच्या जास्त गरम बाजूला ठेवा, बहुतेक भट्ट्यांत ती आतली बाजू असते. कातडी सोनेरी झाली की फक्त छातीवर फॉइलची टोपी घाला. तंगड्या एकमेकींना घट्ट बांधू नका. बांधलेला पक्षी दिसतो देखणा, पण मांडीच्या आतल्या बाजूला उष्णता पोचत नाही. एवढं करूनही कापताना मांडी कच्ची निघाली, तर दोन्ही तंगड्या काढून २० मिनिटं परत भट्टीत किंवा झाकण घालून तव्यावर ठेवा. छाती तोवर बाजूला थांबू शकते. अख्खा पक्षी परत आत ढकलू नका.

प्रश्न : हाडाजवळ मांस गुलाबी दिसलं. पाहुण्यांनी ताट बाजूला सारलं. कच्चं होतं का? — एक वाचक, नांदेड

उत्तर : रंगावरून ठरवता येत नाही. कोवळ्या पक्ष्याच्या हाडातल्या मगजाचा रंग भाजताना आसपासच्या मांसात उतरतो आणि पूर्ण शिजलेलं मांसही गुलाबी दिसतं. ७४ अंश झाले असतील तर खायला हरकत नाही. मांस काचेसारखं पारदर्शक, बुळबुळीत असेल आणि सांधा सहज सुटत नसेल, तर मात्र ते कच्चं आहे. पाहुण्यांना पटवत बसू नका, त्यांना छातीचे काप वाढा.

प्रश्न : आमच्या भागात टर्की मिळत नाही. गावरान कोंबडा अख्खा भाजला तर रबरासारखा होतो. तोही असाच कापायचा का? — एक वाचक, परभणी

उत्तर : टर्कीवाचून नाताळ अडत नाही. हा पक्षी मूळचा अमेरिकेतला. १६१२ साली गोव्याहून जहांगीरच्या दरबारात तो आणला गेला, तेव्हा इतका अपूर्व वाटला की बादशहानं उस्ताद मन्सूरकडून त्याचं चित्र काढवून घेतलं. गावरान कोंबड्याची चव आपल्या जिभेला जास्त ओळखीची आहे, फक्त त्याला वेगळी वागणूक लागते.

रानात फिरलेला, सहा महिन्यांपुढचा कोंबडा कोरड्या उष्णतेत मऊ होत नाही. दीड किलोचा पक्षी अख्खाच, बुडेल इतक्या पाण्यात मीठ, हळद, आलं-लसूण घालून झाकणाच्या पातेल्यात ४५ ते ५० मिनिटं मंद शिजवा. पाणी खळखळ उकळू देऊ नका, कातडी फाटते. मांडीत सुरीचं टोक सहज शिरलं की काढा, निथळा, पंख्याखाली अर्धा तास सुकवा. मग दही-मसाला किंवा नुसतं तूप-मिरी लावून २०० अंशांवर २०-२५ मिनिटं, रंग येईपर्यंत. कापण्याआधी १० मिनिटं थांबा.

सांधे तेच, क्रम तोच. फरक एवढा की गावरानाची छाती पातळ असते, मधलं हाड वर आलेलं असतं. तिथं पातळ काप निघत नाहीत. अर्धी छाती अखंड काढून आडवे दोनच तुकडे करा. दोन नळ्या, दोन मांड्या, दोन पंख, छातीचे चार, असे दहा तुकडे होतात. इथं नळी अख्खी द्यायला हरकत नाही. भाजलेल्या कोंबड्यावर सत्तूर मात्र चालवू नका. रश्श्यासाठी कच्चा पक्षी सत्तुरानं तोडतात ते ठीक, पण भाजलेलं हाड ठिसूळ होतं, त्याच्या बारीक किरचा उडतात आणि मांसात रुतून घशापर्यंत जातात.

प्रश्न : उरलेल्या मांसाचं आणि सांगाड्याचं काय करायचं? — एक वाचक, धाराशिव

उत्तर : मांस भट्टीतून निघाल्यापासून दोन तासांच्या आत सांगाड्यावरून काढून, उथळ डब्यांत फ्रिजमध्ये ठेवा. तीन ते चार दिवस चांगलं राहतं. अख्खा सांगाडा मांसासकट फ्रिजमध्ये कोंबू नका, आतली ऊब तासन्‌तास निघत नाही आणि मांस आंबतं.

सांगाडा तीन-चार ठिकाणी मोडून, ४ लिटर पाणी, एक भाजलेला कांदा, आल्याचा तुकडा आणि दहा-बारा मिरी घालून अडीच-तीन तास मंद आचेवर ठेवा. कुकरला पाऊण तास पुरतो. गाळलं की उत्तम अळणी, म्हणजे हाडांचं पातळ सूप, मिळतं. वर आलेली चरबी गार झाल्यावर चमच्यानं निघते, थोडी फोडणीला ठेवा.

या अळण्याचा येसर (भाजलेल्या धान्य-डाळींचं मसालेदार पीठ) घालून केलेला रस्सा ज्वारीच्या भाकरीबरोबर फार चांगला लागतो. लिटरभर अळण्याला सपाट दोन मोठे चमचे येसर, पण आधी वाटीभर गार पाण्यात कालवून. थेट उकळत्यात टाकला तर गुठळ्या होतात आणि त्या मग घोटूनही मोडत नाहीत. चरबीत लसूण, तिखट आणि कोथिंबिरीची फोडणी करून त्यात अळणी ओता, उकळी आली की कालवलेला येसर धारेनं सोडा आणि आठ-दहा मिनिटं उकळवा. उरलेलं मांस सगळ्यात शेवटी घाला आणि दोन-तीन मिनिटांत गॅस बंद करा, रस्सा चांगला वाफाळता राहील एवढंच. एकदा भाजलेली छाती रश्श्यात परत उकळत ठेवली तर तिचा चोथा होतो. तंगडीचं मांस असेल तर आणखी पाच मिनिटं चालतं. गाळून उरलेली हाडं कुत्र्याला घालू नका. शिजलेलं हाड फुटून त्याची टोकं आतडं फाडतात. कागदात गुंडाळून कचऱ्यात टाका.